अकरा मिनिटं आणि चिमूटभर विभूती

बीड,
गुरुवार, २७ एप्रिल २०००

प्रिय राजेश्वरदादा,

"महानंदे, तू हात लावू नको, तुझ्या हातानं बिघडतंय." दिंद्रुडच्या आपल्या दुकानात आप्पा हे म्हणाले तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि तू बारा वर्षांचा. तू विसरला असशील. मीही विसरले असं मला वाटत होतं. पण गेले चार महिने रोज सकाळी साडेनऊला हे वाक्य कुणीतरी माझ्या कानाशी येऊन म्हणतं, आणि आज ते जरा मोठ्यानंच म्हटलं, म्हणून तुला लिहायला बसले. पण आधी रीत. तुला शरणु शरणार्थ, वहिनींना नमस्कार, मुलांना पोटभर आशीर्वाद. तुझी पाठ कशी आहे? वहिनींच्या गुडघ्यांना पुण्याची हवा मानवते का? आप्पांच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन मंगळवारी झालं, नीट झालं असं डॉक्टर म्हणाले. पट्टी अजून आहे. उजव्या डोळ्यानं त्यांना माणूस आणि कपाट यांतला फरक कळतो, तेवढंच. काल त्यांनी कपाटाला चहा विचारला. बाकी इकडे सगळे बरे आहेत, फक्त मी घाबरलेली आहे.

हे पत्र मी प्रेसमध्ये बसून लिहिते आहे, पण मालकांच्या वेळेची चोरी करत नाही. मशीन सुरू होतंय. (केसरबाई म्हणते 'उठतंय'. ती आमच्याकडे झाडलोट करते आणि पत्रिकांच्या घड्या घालते.) भिंतीवरच्या घड्याळानं अकरा मिनिटं लागतात. त्या अकरा मिनिटांत कशालाही हात लावायचा नाही, असा आश्रुबाअण्णांचा हुकूम आहे. अण्णा म्हणजे आमचे मालक, हे तुला माहीत आहेच. वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून अकरा. एप्रिलमध्ये बीडला वीज किती वेळा जाते हे तू विसरला नसशील, तर हे पत्र किती लांबणार याचा अंदाज तुला येईल. मध्येच वाक्य तुटलं, तर समज की उघडलं.

तुला ठाऊक आहे, एकोणीस वर्षं मी इथं शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवले. यांच्या मागं मी आणि माझी लेक शिवांजली ताठ उभ्या राहिलो, त्या याच खिळ्यांवर. डोळे मिटून हात घातला की 'क' कुठल्या घरात आणि 'क्ष' कुठल्या, हे बोटांना माहीत होतं. 'चि. सौ. कां.' तर मी झोपेतही जुळवले असते. जानेवारीत अण्णांनी ते सगळे खिळे वजनावर मोडीत घातले. पोती हातगाड्यावर चढवताना त्यांचा आवाज झाला, तो नदीतल्या वाळूसारखा. मी आतल्या खोलीत जाऊन उगाच कागद मोजले. दुसऱ्या आठवड्यात कॉम्प्युटर आला, बरोबर मराठी अक्षरांचं सॉफ्टवेअर, आणि ते चालवायला शिकवणारा एक माणूस दोन दिवस आला. तिसऱ्या दिवशी अण्णा मला म्हणाले, "ताई, हा लग्नाचा हंगाम बघू. तुमाला जमलं तर लई चांगलं. न्हाई जमलं तर मला कुनीतरी शिकल्यालं बघावं लागंल." त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. रागावलेला माणूस दुसऱ्या दिवशी विसरतो.

उघडलं. 'सौ. व श्री.' जुळवून येते.

वीज गेली. आता पुन्हा बसले. दादा, तू कॉम्प्युटरच्या कंपनीत आहेस म्हणून विचारते: ते अकरा मिनिटं आत काय करतं? आधी काळा पडदा, त्यावर पांढरे आकडे भराभर चढतात, जणू माझ्या मागच्या चुका मोजताहेत. मग निळं होतं. मग मी आमच्या सॉफ्टवेअरच्या चित्रावर दोनदा दाबते (एकदा दाबलं तर त्याला कळत नाही, तीनदा दाबलं तर फार कळतं). मग एक छोटं वाळूचं घड्याळ येतं आणि उलटंसुलटं होत राहतं. खाली बारीक अक्षरांत काहीतरी शोधत असल्याचं लिहून येतं. काय शोधतं? रोज शोधतं, रोज सापडतं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा काही माहीत नसल्यासारखं शोधायला बसतं. माझ्या सासूबाई शेवटी शेवटी मला रोज विचारायच्या, तू कुणाची गं? ते आठवतं. आणि पडदा काळा असतो तेव्हा त्यात माझाच चेहरा दिसतो. चव्वेचाळीस वर्षांत मी माझ्या चेहऱ्याकडे एवढा वेळ कधी बघितलं नव्हतं. आरशासमोर कुंकू लावायचे तेव्हाही नाही. त्या चेहऱ्यावर जे दिसतं ते मला आवडत नाही: ती बाई सारखी कुणाचीतरी परवानगी मागत असते.

गिऱ्हाइकं तर आणखी भीती घालतात. पूर्वी माणूस मजकूर देऊन निघून जायचा. आता कॉम्प्युटर बघायला बसतो. पाली गावचे मुंजाजी नावाचे गृहस्थ मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आले, माझ्या खांद्याशी खुर्ची ओढून बसले आणि वाळूच्या घड्याळाकडे बघत राहिले. सहाव्या मिनिटाला म्हणाले, "बाई, कावून थांबलंय हे?" मी म्हटलं, सुरू होतंय. सातव्याला म्हणाले, "आमचं डिझेल इंजन बी इतका येळ खात न्हाई. हँडल मारा की." मी म्हटलं, याला हँडल नसतं. आठव्याला त्यांनी सुचवलं की पुन्हा दाबून बघावं. आणि मी (कुणी पुरुषमाणसानं सांगितलं की मी करते, ही सवय कुणी लावली ते आता सांगत नाही) पुन्हा दाबलं. पुन्हा दाबलं. सात वेळा दाबलं. दादा, ते सात वेळा उघडायला लागलं! एकावर एक, एकावर एक, आणि सातही अर्ध्यात अडकलं. मुंजाजी खुर्ची मागं सरकवत म्हणाले, "तुमच्या हातानं बिघडलं वाटतं." अगदी हेच शब्द, आप्पांचे. त्यांना कुणी सांगितले?

त्या दिवसानंतर मी एक गोष्ट केली. ती कुणालाही सांगितलेली नाही आणि तिच्यामुळेच आज मी घाबरलेली आहे. सांगते. थांब, वाळूचं घड्याळ गेलं.

पुन्हा वीज. बरं झालं, सांगायचा धीर थोडा गोळा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांची पूजा चालली होती. तळहातावर इष्टलिंग, डोळे मिटलेले, तोंडानं पुटपुट. मी सहज घड्याळ पाहिलं, पूजेला बरोबर अकरा मिनिटं लागली. मला वाटलं, हा काहीतरी इशारा आहे. मी आप्पांच्या डबीतली चिमूटभर विभूती पुडीत बांधली, प्रेसमध्ये सगळ्यांच्या आधी आले आणि त्या डब्याच्या कपाळावर तीन बोटांनी तीन पट्टे ओढले. आता कॉम्प्युटरचं कपाळ नेमकं कुठं असतं? मला वाटलं, फ्लॉपीची फट असते तिथं. (चेहरा असल्यासारखंच दिसतं ते, तू नीट बघ.) वरचा पट्टा नीट बसला. मधला बरोबर फटीवरून गेला आणि निम्मी विभूती आत पडली. मी घाबरले. पण दादा, त्या दिवशी ते नऊ मिनिटांत उघडलं! मग मी दहा दिवस रोज लावली. अण्णा यायच्या आत पदरानं वरून पुसून टाकायची. आतली कशी पुसणार?

सोमवारी मी मुंजाजींची फ्लॉपी आत घातली. तिच्यात त्यांची सगळी पत्रिका होती, सहा भावकींची नावं, मानपानाच्या क्रमानं, तीनदा भांडून ठरवलेली. आतून खर्र खर्र असा आवाज आला. जात्यात खडा सापडल्यावर येतो तसा. आणि पडद्यावर इंग्रजीत काहीतरी आलं, त्यातला मला फक्त नकार कळला. पत्रिका गेली. लग्न अक्षय्य तृतीयेला आहे. अण्णांनी औरंगाबादला फोन करून इंजिनिअरला बोलावलं. तो आज येतोय. तो डबा उघडणार. आणि डब्यात माझी दहा दिवसांची भक्ती साचलेली आहे.

पावणेबाराची एस.टी. म्हणजे तो आता येईल. अक्षर घाईचं आहे, लागेल तसं लाव.

दादा, तो येऊन गेला. आता दुपारचे तीन वाजलेत. क्रमानं सांगते. इंजिनिअर तिशीतला, घाम पुसत आला, पाणी प्यायला, पेचकस काढला आणि चार स्क्रू सोडून डब्याची पाठ उघडली. अण्णा उभे, मी उभी, केसरबाई केरसुणी घेऊन दारात उभी, आणि पत्रिकेचं काय झालं ते बघायला आलेले मुंजाजी खुर्चीत. (त्यांना आजच यायचं होतं!) त्यानं फ्लॉपीचा भाग बाहेर काढला, टेबलावर आपटला, आणि पांढरी भुकटी पडली. खूप पडली. इंजिनिअरनं बोटाला लावून बघितलं. अण्णांनी विचारलं, "हे काय हाय?"

 तेवढ्यात दारातून केसरबाई एका दमात म्हणाली, "मालक, भिताडाचा चुना हाय त्यो. म्या झाडताना उडाला आसंल. माजीच चूक." केसरबाईनं, जिच्या हाती इथं फक्त केरसुणी असते तिनं, स्वतःच्या अंगावर घेतलं! बाहेर झाडताना खिडकीतून तिनं मला पट्टे ओढताना बघितलं होतं, हे नंतर तिनंच सांगितलं. दहाही दिवस बघितलं होतं आणि एक शब्द बोलली नव्हती. अण्णा तिच्याकडे वळले, आणि त्यांचं तोंड उघडायच्या आत माझं उघडलं. मी म्हटलं, चुना नाही अण्णा, विभूती आहे, मी रोज लावत होते, मला भीती वाटते त्याची.

 मला वाटलं संपलं, एकोणीस वर्षं संपली. अण्णा डब्याच्या उघड्या पाठीशी वाकले. मग खाली मान घालून इंजिनिअरला हळूच म्हणाले, "मागच्या पंख्यात बी बघा जरा. कुंकू निघंल." इंजिनिअरनं फुंकर मारली, लाल धूळ उडाली आणि त्याच्या पांढऱ्या शर्टावर बसली. अण्णा रोज संध्याकाळी कुलूप लावायच्या आधी मशीनच्या पाठीला कुंकू लावत होते. मला म्हणाले, "ताई, मला बी भ्या वाटतंय. खिळे मोडीत घातल्यापासून झोप न्हाई." मुंजाजी खुर्चीतूनच म्हणाले, "म्हंजी पुढनं शंकर, मागनं देवी, आन् मधी माझी पत्रिका!" आणि पहिल्यांदा आम्ही सगळे हसलो; इंजिनिअर सोडून, तो शर्ट झटकत होता.

त्यानं सगळं साफ केलं. मशीनची मेमरी कमी आहे, म्हणून ते सावकाश उठतं, कितीही अंगारे लावा, अकराच मिनिटं लागणार, असं सांगितलं. (त्या दिवशी नऊ का लागली हे विचारलं, तर तो स्क्रू मोजायला लागला.) मी मुंजाजींना समोर बसवून सहाही भावकींची नावं पुन्हा जुळवायला घेतली. अण्णा जाताना म्हणाले, "हंगाम संपस्तोवर बघू." म्हणजे माझं काय होणार ते अजून तसंच आहे, भीतीही तशीच आहे. फक्त आता ती दोघांत वाटली गेली.

वहिनींना सांग, इथून शेंगदाण्याची चटणी पाठवते आहे. शिवांजलीचा नमस्कार.

तुझी धाकटी बहीण,
महानंदा

ता. क. ते आत काय शोधतं, हे तुझ्या कंपनीत कुणाला विचारता आलं तर विचार. नाही विचारलंस तरी चालेल. त्यासाठी पत्र लिहिलं नव्हतं.

ता. क. २. उघडलं. अकरा मिनिटं. पाचव्या भावकीपर्यंत आले. मुंजाजींनी दोन नावं वरखाली केली आहेत, म्हणजे चौथ्यांदा भांडण होणार.

ता. क. ३. केसरबाईनं 'माजीच चूक' म्हटल्यापासून मला राहवत नाही, म्हणून लिहिते. दिंद्रुडच्या दुकानातला तो रेडिओ तापायला वेळ घ्यायचा, आठवतं? मी फक्त बटणावर बोट ठेवून वाट बघत होते, आवाज येईल म्हणून. पाठीमागच्या जाळीतून सायकलची तार आत घातली ती तू. मी बघितलं होतं. आप्पा आले तेव्हा तार तुझ्या पाठीमागे होती आणि माझं बोट बटणावर. तू काही बोलला नाहीस. मीही नाही. तेव्हापासून घरातल्या शिलाई मशीनला, मिक्सरला, यांच्या स्कूटरला, कशालाही मी आधी कुणाला तरी विचारून हात लावला आहे. आजही मी निघताना पट्टीआडून आप्पा म्हणाले, "त्या मशीनला जपून हो, तुझ्या हातानं..." आणि पुढचं पाठ असल्यासारखं सोडून दिलं.

तर एवढं कर. आप्पांना पाठवशील त्या पत्रात एक ओळ लिही, की तार तू घातली होतीस. पट्टी आहे तोवर पत्र मलाच वाचून दाखवावं लागेल. मी नुसतं वाचीन, माझा एक शब्द त्यात घालणार नाही, आवाजही बदलणार नाही. तू लिहिणार नाहीस हे मला माहीत आहे, मोठा मुलगा म्हणून आप्पांसमोर तुझं काय आहे ते मला कळतं, आणि तुझं उत्तर चटणी मिळाली एवढंच असेल. तरी लिही दादा. एकच ओळ आहे, तिला अकरा मिनिटं लागायची नाहीत.