कात्री तू लपवली नव्हतीस

थोरलीच्या आईस, सप्रेम नमस्कार.

मी मजेत आहे. आपली लेक दोन्ही वेळा गरम जेवायला घालते, जावईबापू सकाळी फिरायला नेतात. तुझा गुडघा कसा आहे? आपल्या शिलाईच्या दुकानाचं शटर एकटीने उचलू नकोस.

आज दवाखान्यात मेंदूचा फोटो दाखवला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मास्तर, तुम्हाला अल्झायमर आहे. त्यात इतक्या वर्षांच्या ब्लडप्रेशरने मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्याही खराब झाल्यात. म्हणून विसरायला होतं."

मी विचारलं, "आणि बायकोवर उगाच संशय येतो, तो?"

"तोही यातूनच येतो."

मला तिथेच हुंदका आला.

घरी आल्यावर थोरलीने सांगितलं, माझी कात्री तुला तांदळाच्या डब्यात सापडली होती. मीच ठेवलेली! आणि मी तर गिऱ्हाइकांसमोर तुला चोर म्हणालो होतो. तू ती पुसून गुपचूप शिलाई मशीनवर ठेवलीस, एका शब्दाने बोलली नाहीस.

गेलेलं परत येणार नाही म्हणे. पण ब्लडप्रेशर ताब्यात राहिलं, तर पुढचं बिघडणं कदाचित जरा सावकाश होईल. गोळ्या वेळेवर घेतो. काळजी करू नकोस.

डोकं ठिकाणावर आहे तोवर माझ्या हाताने लिहून ठेवतो. माझं चुकलं. पुढे पुन्हा तुला काही वेडंवाकडं बोललो, तर वाद घालू नकोस, रडूही नकोस. आत जा आणि हे पत्र वाच. बाहेर ओरडतोय तो माझा आजार. तुझा नवरा हे लिहितोय तो.

तुझाच,
मास्तर