मागच्या तळ्यावरची हिरवळ

मंगळवार, सकाळ

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे, असं सवयीनं लिहिणार होते. बाबांचा ताप उतरलाय, खोकला आहे. मासे मात्र मजेत आहेत! त्यांच्या टाक्यांमधलं घाण पाणी आम्ही आता मागच्या तळ्यात सोडतो. त्यावर अझोला वाढतो, ती पाण्यावर तरंगणारी बारीक हिरवी वनस्पती, आणि तोच कोंड्यात कालवून पुन्हा माशांना घालतो. हे म्हणतात, "खाद्य घरचं, मासे घरचे, बायको तेवढी बाहेरून आणली."

अझोला रोज उपसावा लागतो, नाहीतर बघता बघता सगळं पाणी झाकून टाकतो. गेल्या आठवड्यात बाबांनी मला उसंतच दिली नाही. डोळ्यांत तेल घालून बसावं, तरी नजर चुकवून बाहेर पडायचे. एकदा गॅस उघडा टाकला. "बाई, माझी मुलगी कुठंय?" असं मलाच विचारतात. त्यात उपसायचं राहिलं आणि तळं काठोकाठ हिरवंगार झालं.

बाबांनी जन्मभर शाळेचं मैदान राखलं. त्यांना ती हिरवळच वाटली. गवतावर चपला घालून जाणाऱ्याची त्यांनी कधी गय केली नाही, म्हणून काठावर चपला काढल्या आणि पाऊल टाकलं.

परवा फोनवर तू म्हणालीस, "देवासारखी धावलीस गं! आता तुझ्याकडेच राहू दे त्यांना. माझ्याकडून नाही व्हायचं इतकं." हे शेजारीच बसले होते. मी "बरं" म्हणून फोन ठेवला.

ताई, ते चपला काढत होते तेव्हाच मी त्यांना पाहिलं होतं. उपसायची जाळी घेऊन अगदी जवळ उभी होते. "बाबा, पाणी आहे," एवढंच ओरडायचं होतं. तोंड उघडलं नाही. ते कमरेपर्यंत गेले, मग छातीपर्यंत, आणि अझोला त्यांच्याभोवती परत जुळून आला. मला वाटलं, आज झोप लागेल. एवढंच वाटलं, दुसरं काही नाही. मग त्यांनी हात वर केला आणि मी पाण्यात उतरले. मधे किती वेळ गेला, मला खरंच सांगता येत नाही. बाहेर काढल्यावर माझा हात धरून म्हणाले, "बाई, फार उपकार झाले."



हे तळ्याला कुंपण घालताहेत. सगळा अझोला मी उपसून टाकलाय, तळाचा गाळसुद्धा दिसतो. काल बाबांना अंघोळ घालताना मी न्हाणीघराचं दार उघडं ठेवलं आणि ह्यांना समोर बसवलं. "मी कशाला?" म्हणाले. म्हटलं, बसा नुसते.

तुला झेपणार नाही, माहीत आहे. तुझं घर लहान, गुडघे दुखतात, सगळं मान्य. तरी येऊन त्यांना घेऊन जा. मला वाईट म्हण, आयुष्यभर बोलू नकोस, पण ह्या आठवड्यात ये. कुंपण तळ्याला घालता येतं, ताई. मला नाही.

तुझी,
स्वतःलाच घाबरलेली धाकटी