तुझ्या आईच्या तोंडची अक्षरं

प्रिय भिंगरी,

आधी यादी देतो. एकेचाळीस अक्षरं, कठीण लाकडात उलटी कोरलेली. त्यांच्या डोक्यावर बसणाऱ्या सहा खुणा, पितळेच्या, कानशीने घासून अर्ध्या मिलिमीटरच्या आत आणलेल्या. ती ठेवायला अठ्ठेचाळीस खणांची पेटी, सगळे सांधे खाचेत बसवलेले. पुस्तकं बांधायच्या जुन्या शिकंज्यातून केलेलं हातदाबाचं छापयंत्र. एक फळी, तिच्यावर एकच तार, तारेखाली सरकती घोडी आणि कडेला मोजपट्टी. बत्तीस पानांचं पहिलं पुस्तक, साठ प्रती, कापणी-शिवण माझीच. ब्याऐंशी कॅसेट. हे सगळं या दोन हातांनी केलं, आणि सातवीनंतर शाळेचं तोंड न पाहता केलं. तू म्हणशील, झालं, बाबांनी दुकान मांडलं. मांडू दे. शेवटी काय उरलं ते सांगायचं आहे, म्हणून आधी काय होतं ते मोजून ठेवतो.

दुकान चालू आहे. रबरी शिक्क्यांना आता कोण विचारतं, पण वकील आणि शाळा अजून येतात. गिऱ्हाईक नसलं की मी पेटीवरची धूळ पुसतो. तू विचारायचीस ना, बाबा, तुम्हाला ही भाषा येत नाही मग तिची अक्षरं तुम्ही कशाला करता? तेव्हा मी चिडायचो. खरं उत्तर असं की लग्नानंतर पहिलं वर्षभर मी तुझ्या आईच्या घरात भिंतीसारखा बसून असायचो. सगळे बोलायचे, हसायचे, मला काही उमगत नव्हतं. श्वास आत ओढून काढायचा तो 'त', घशाच्या तळाशी अडकवून सोडायचा तो 'क', आणि एकाच शब्दाचे सहा सूर: उंच, खाली, चढता, उतरता, मध्ये खचून वर येणारा, आणि कात्रीने कापल्यासारखा तुटणारा. तुझी आजी मला बहिरेबुवा म्हणायची. मी म्हटलं, बुवाच व्हायचं तर कामाला लागू. जे माझ्या कानाला सापडत नाही ते डोळ्याला दाखवीन. दुसऱ्याच्या नावाचे शिक्के आयुष्यभर उलटे कोरलेला माणूस मी. मला वाटलं, त्यात काय अवघड आहे?

अकरा वर्षं लागली. तुझी आई एक शब्द म्हणायची, मी तार छेडायचो, घोडी सरकवायचो, सूर जुळला की पट्टीवरचा आकडा वहीत. एकेका शब्दाला चाळीस वेळा. तिचे हात पिठात असोत की साबणात, मी फळी घेऊन हजर. ती म्हणायची, "अहो, हा शब्द आम्ही असा सुटा म्हणतच नाही. मागेपुढे काहीतरी लागतं की नाही?" मी म्हणायचो, तू म्हण. बिचारी म्हणायची. कॅसेटवर मी एकच शिस्त पाळली: स्वच्छ शब्द, दोन सेकंद शांतता, पुढचा शब्द. मधेच ती हसली, तुला हाक मारली, मावशीला खिडकीतून काही ओरडून सांगितलं, की मी टेप मागे घेऊन ते पुसायचो. माझ्या वहीत त्याला 'कचरा' असं लिहिलेलं आहे.

तुझं सांगतो. नऊ वर्षांची होतीस. त्या खचून वर येणाऱ्या सुराची खूण मला ठरवता येत नव्हती आणि लहान गळ्यातून तो कसा येतो ते हवं होतं. मी तुला फळीसमोर बसवलं. तीसेक वेळा म्हणून घेतलं. दर वेळी म्हणालो, पुन्हा. तुझं चुकत नव्हतं, भिंगरी. हे मी आज पहिल्यांदा कबूल करतो. माझी तार उन्हाने सैल पडली होती, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. तू उठलीस आणि माझ्या भाषेत म्हणालीस, "मला नाही येत ती भाषा." त्यानंतर आईशीसुद्धा तू तिच्या भाषेत बोलली नाहीस. मला वाटलं चार दिवसांचा रुसवा आहे. महिन्याभराने आई एवढंच म्हणाली, "झालं समाधान? आता घरात माझ्याशी भांडायलाही कोणी उरलं नाही."

पुस्तक छापल्यावर मी गिरणीमागच्या गल्लीत, तुझ्या आईच्या माणसांतच, वर्ग काढला. पहिल्या दिवशी चौदा जण, तिसऱ्या दिवशी तीन. मी पहिलं अक्षर मापात आल्याशिवाय दुसरं देत नव्हतो. मावशी दहा दिवस टिकली. मग वही मिटून म्हणाली, "भावोजी, तुमच्या अक्षरांत शिरायचं म्हणजे पाय धुऊन, चपला बाहेर काढून. आम्हाला नुसतं बोलायचं असतं हो." सगळे हसले. मी हसलो नाही. वर्ग बंद केला. साठातल्या त्रेपन्न प्रती माझ्याकडेच आहेत. गल्लीतली म्हातारी माणसं एकेक करून गेली, पोरं कामाला दूर गेली. ती भाषा रोज तोंडात असलेल्या दोघीच राहिल्या, आई आणि मावशी. दुपारी ओट्यावर बसून दोघी एकदम बोलायच्या, एक थांबली म्हणून दुसरी बोलतेय असं कधी नव्हतंच. एकावर एक चढलेला आवाज तारेवर मोजता येत नाही, म्हणून मी तो कधी टेपच केला नाही.

आता फोनचं. अकरा आठवडे तू रविवारी फोन करतेस आणि मी सांगतो, आई अंघोळीला गेलीय, आई झोपलीय, आई मावशीकडे आहे. गेल्या रविवारी तू म्हणालीस, "बाबा, आई माझ्यावर रागावलीय का?" ती शेजारीच बसली होती. तिने ऐकलं.

तिचा आवाज आधी घोगरा झाला. दोन महिने काढ्यावर काढले. मग मोठ्या दवाखान्यात गाठ निघाली, आणि गळ्यातली आवाजाची पेटीच काढावी लागली. गाठ पूर्ण गेली म्हणतात. जेवते, चालते, फुलझाडांना पाणी घालते. श्वास गळ्यावरच्या भोकातून घेते, त्यावर पांढरा रुमाल असतो. तुला कळवू नको असं तिने हाताने सांगितलं, आणि मला ते सोयीचं होतं.

डॉक्टरांनी गळ्याला टेकवायचं एक यंत्र दिलं. बटण दाबलं की ते घूंऽऽ करतं आणि ओठ हलवले की शब्द उमटतात, पण सगळे एकाच सुरात. आपल्या भाषेत तेवढ्यावर भागतं. "पाणी द्या," "दार लावा," कळतं मला. तिने ते घेऊन मावशीला काहीतरी सांगितलं. मावशी बघतच राहिली. पुन्हा सांगितलं. मावशी माझ्याकडे वळून म्हणाली, "काय म्हणतेय ती?" म्हणजे बघ, मला विचारत होती. आईने यंत्र कपाटात ठेवलं, त्याला आता महिना झाला.

मग तिने पाटी घेतली. माझी अक्षरं, माझ्या खुणा, एकही चूक नाही. सांगतो तुला, मला उभ्या जन्मात एवढा आनंद झाला नव्हता, आणि तो अर्धा मिनिट टिकला. कारण मावशीला ती अक्षरं वाचता येत नाहीत. मी पाटी घेतली आणि मोठ्याने वाचली. प्रत्येक सुराचा आकडा मला पाठ आहे, आणि माझ्या गळ्यातून एकही धड निघत नाही, कधी निघालाच नाही. मावशी आधी पोट धरून हसली. आईही हसली, आवाज नाही, नुसते खांदे. मग मावशीने पदर डोळ्यांना लावला आणि घरी गेली. आता रोज दुपारी ती येते, बोलते, आई मान हलवते. मी दुकानातून बघतो. गेल्या पंधरवड्यात ब्याऐंशी कॅसेट ओळीने लावून ऐकल्या. तीन हजार शब्द आहेत. त्यांत तुझी आई कुणाशीही बोलत नाही.

तू येऊन काही होईल असं मला वाटत नाही. तू ती भाषा विसरलीस, आणि नसलीस विसरली तरी तुला ती तोंडात घ्यायला सांगायचा अधिकार मी केव्हाच घालवला. आईला भेटायला ये, माझ्यासाठी नको. पण येण्याआधी एक गोष्ट तुला माहीत हवी. आईला ती माहीत नाही. तू तिला सांगायची की नाही ते तू ठरव, माझ्याने ते होत नाही. गेल्या वर्षी, तिचा आवाज बसायच्या चार महिने आधी, विद्यापीठातून एक बाई दुकानात आल्या. मी नमुन्याला पाठवलेल्या कॅसेटच्या प्रती त्यांनी ऐकल्या होत्या. म्हणाल्या, "काका, शब्द छान आहेत, पण आम्हाला बोलणं हवंय. दोघी बहिणींना आमच्याकडे पाठवा, काहीही बोलू द्या, भांडू द्या, आम्ही मध्ये पडणार नाही." मी विचारलं, लिहून कशात घेणार? त्या म्हणाल्या, "ते आमच्या पद्धतीने घेऊ. तुमची अक्षरं तुमच्याकडेच राहू द्या, फार सुंदर आहेत." सुंदर! लग्नपत्रिकेला म्हणतात तसं. मी म्हटलं, बायकोची तब्येत बरी नसते, ती यायची नाही. तेव्हा ती मावशीच्या ओट्यावर बसून तासभर बोलत होती, दुकानापर्यंत ऐकू येत होतं. बाईंनी कागद ठेवला, महिनाभर वाट पाहिली, दोनदा फोन केला, आणि दोन्ही वेळा मी नाही म्हणालो. कागदावर असं होतं: दोघींनी तीन आठवडे बोलायचं, जाण्यायेण्याचा आणि राहण्याचा खर्च त्यांचा, सगळ्या बोलण्याची एक प्रत आपल्या घरी कायमची, आणि वर मानधन दोन लाख दहा हजार रुपये.

तुझाच,
बाबा