धुकं पिणारा दगड

अण्णा,

कुवेतला अम्गराच्या बांधकाम-सामानाच्या यार्डात तुम्ही ज्या हलक्या दगडाची पोती उतरवून घ्यायचात, तो पाण्यावर तरंगतो असं मी शाळेत सांगितलं, तेव्हा कुणाचा विश्वास बसला नव्हता. दगड ग्रीसहून यायचा. युद्ध संपून कुवेत नव्यानं बांधलं जात होतं, आणि दगडासाठी येणारा ग्रीक इंजिनिअर तुमच्यापाशी चहाला बसायचा. तुम्ही द्राक्षबागेत वाढलेले. त्यानं आपल्या बेटाचा विषय काढला आणि तुम्ही घरी येऊन, जेवायचं सोडून, आम्हाला सांगत बसलात. ज्वालामुखीचं बेट, उन्हाळाभर थेंब नाही, वारा असा की मांडव टिकायचा नाही. म्हणून तिथं वेल जमिनीलगत चुंबळीसारखा वळवतात, घड आत झाकून राहतात. रात्री समुद्रावरचं धुकं येतं, ते हा दगड पितो आणि दिवसा मुळांना पाजतो. त्या द्राक्षांची वाइन होते, हे मात्र तुम्ही हळू आवाजात सांगितलंत.

मग जलीब वस्तीतल्या आपल्या घराच्या गच्चीवर फुटकं पिंप, त्यात तो दगड, त्यात वेल. पाणी घालायचं नाही, अशी सक्त ताकीद. वेल जगला तर नोकरी सोडून गावच्या माळावर अशीच बाग करायची, हे तुम्ही ठरवूनच टाकलं होतं. आई म्हणाली, "लोळतोय बघा कसा, वेल हाय का भोपळा?" पण तो जगला, दोन उन्हाळे. तुम्ही सकाळी दगडाला हात लावून "बघ, ओल" म्हणायचात, आणि मी मान डोलवायचे. त्या ओलीच्या जोरावर आपण परतलो. पहिल्याच उन्हाळ्यात माळावरची बाग जळाली. आपल्या माळावर समुद्राचं धुकं कुठून येणार, हे तुमच्यासारख्या माणसाला कळलं नसेल? मला अजून उमगत नाही. शेवटपर्यंत तुमचं एकच, "तिथं जगला नव्हं?"

गेल्या आठवड्यात तांदूळ धुताना आई सहज म्हणाली की असलं धुवण ती रोज दुपारी त्या पिंपात ओतायची. मी म्हटलं, "अगं, मग अण्णांना सांगायचं नाही?"

"मला गावाकडं यायचं हुतं," ती म्हणाली, आणि तांदूळ चुलीवर ठेवले.

तुमची बाग गेली, आईला गाव मिळालं. रागवायचं कुणावर, की हसायचं, माझं काहीच ठरत नाही. हे लिहून तरी काय, पत्ता कुठला घालू? पण तेव्हा मला कळलं असतं, तर मी तुमच्याकडे तिची चुगली केली असती. मला कुवेतलाच राहायचं होतं.