केतकीचे वेडर्स

४ मे, सोमवार
इंग्लंडला केतकी जाणार. बॉसबाईंनी मीटिंग संपता संपता सांगितलं. मग माझ्याकडे वळून, "तुझं व्हिसाचं समजू शकते मी." समजू शकतात म्हणे. माझं स्टॅम्पिंग अडकलंय, एकदा देशाबाहेर पडले की परत कधी येईन देव जाणे. केतकी इथे अमेरिकेतच, पार्सिपनीत जन्मली. निळा पासपोर्ट. बॅग उचलली की चालली.

लॅबमध्ये आली तेव्हा क्रेफिश पाठीमागून धरायचा हेसुद्धा मी शिकवलं होतं तिला. नांगीत बोट देऊन रडली होती पहिल्या दिवशी.

टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत जोरात मीच.

६ मे
आईचा फोन. "तू जाणार होतीस ना त्या खेकड्यांसाठी?" आई, ते खेकडे नाहीत, नदीतले झिंग्यासारखे क्रेफिश आहेत. "बरं, मग ती दुसरी का चाललीये?" काय सांगणार.

इंग्लंडचा मूळचा क्रेफिश, पांढऱ्या नांग्यांचा. पीएचडीपासून वाचतेय त्याच्याबद्दल, एकही डोळ्यांनी पाहिलेला नाही. आपले अमेरिकन क्रेफिश तिकडे नेले खाण्यासाठी. सोबत रोग गेला. आपल्यांना काही होत नाही, अंगावर रोग घेऊन मजेत हिंडतात. तिकडचे मात्र ओढेच्या ओढे मरतात. म्हणून उरलेसुरले उचलून दगडाच्या एका जुन्या खाणीतल्या तळ्यात सोडणार आहेत, जिथे आपले पोचू शकत नाहीत. ते उचलायला केतकी.

जळतेय मी. दुसरा शब्द नाही.

९ मे, शनिवार
मराठी मंडळाचं पॉटलक, ज्याने त्याने डबा आणायचा. केतकीचे आईबाबा पार्सिपनीहून आलेत. सगळ्या काकू तिच्याभोवती. "आमची केतू लंडनला!" लंडन नाही, कुठल्याशा आडगावात चिखलात उभी राहणारे, पण जाऊ दे.

मग नेहमीप्रमाणे एका काकांनी तोच विनोद केला. मराठी खेकडे, टोपलीला झाकण लागत नाही, एक वर चढला की बाकीचे पाय ओढतात. माझं काम कळल्यापासून दर वेळी सांगतात. आज पहिल्यांदा हसू आलं नाही. निखिल घरी येताना म्हणाला, "तुझा चेहरा बघण्यासारखा झाला होता." नवरा आहे की काय आहे.

१६ मे, शनिवार
केतकीने नवे वेडर्स घेतले. छातीपर्यंत येणारी रबरी पँट, खाली बूट जोडलेले. तिचा पाय लहान, उसने तिला बसत नाहीत. सराव म्हणून आज ते घालून आमच्या नदीत उतरली. दोन्ही हातांत क्रेफिश, फोटो सगळ्यांना. फोटो चांगला आलाय. दिसतेच छान ती, त्याला काय करणार.

१८ मे, सोमवार
केतकीकडे गेले, पॅकिंगला मदत. खरं म्हणजे बघायला.

मदतीची गरजच नव्हती. तिची आई बसली होती, सगळं आपल्याकडच्या पद्धतीने. चपला पिशवीत, शांपू पिशवीत, पिशवी आणखी एका पिशवीत, वर घट्ट गाठ. वेडर्ससुद्धा. "कपडे खराब व्हायला नकोत ग."

मी विचारलं, वाळले होते का काकू? "हो, बाथरूममध्ये टांगलेले होते. मी वरून हात लावून पाहिलं की."

वरून.

लॅबचा नियम: नदीतून आलेली वस्तू आधी औषधाने धुवायची, मग आतपर्यंत कोरडी ठणठणीत करायची. बुटाच्या टोकात जरा ओल राहिली तरी त्यात रोग जिवंत राहतो. तिकडचं तळं बंदिस्त. एकदा शिरला की सगळे संपले.

केतकी बाहेर फोनवर होती. गाठ सोडून हात घालायला हवा होता. नाही घातला. काकू चहा ठेवते म्हणाल्या, मी हो म्हणाले.

मनात काय आलं ते लिहितेच. जाऊ दे तशीच. मरू देत तिकडे सगळे, मग कळेल बॉसबाईंना कोणाला पाठवलं ते. असं आलं. त्या बिचाऱ्यांनी माझं काय घोडं मारलंय? शी.

१९ मे, मंगळवार
तिला डेट्रॉइट एअरपोर्टला मीच सोडलं. आधीच ठरलं होतं. वाटेत कितीदा तोंड उघडलं आणि मिटलं. आता बोलले की मी टोपलीतला खेकडा. नाही बोलले तर...

डिपार्चर्सला गाडी लावल्यावर बोलले. "केतू, वेडर्स नेऊ नकोस. तिकडे मागून घे."
"दे आर ड्राय, ताई. आईने चेक केलं."
"बुटात टोकापर्यंत हात घातला होता का?"
तिने सीटबेल्ट सोडला. मग म्हणाली, "ताई, इज धिस रिअली अबाउट द वेडर्स?"
मी हो म्हणाले. अर्धं खरं.

मागून हॉर्न वाजत होते. तिने बॅग उघडली, पिशवी ओढून काढली, मागच्या सीटवर फेकली. "फाइन. हॅपी?" मिठी नाही, काही नाही. दही-साखरेची डबी कप होल्डरमध्येच राहिली. घरी येऊन मीच खाल्ली.

२० मे
पिशवीची गाठ सोडली. मान दुसरीकडे. वरच्या पट्ट्यांना धरून वेडर्स बाहेर ओढले आणि तसेच बाल्कनीत दोरीवर टाकले. बुटांना हात लावला नाही. निखिल म्हणाला, "एवढं भांडलीस, निदान बघ तरी." मला उशीर होतोय म्हटलं. उशीर वगैरे काही नव्हता.

२४ मे, रविवार
कडक ऊन. केतकीचा मेसेज, पाच दिवसांनी पहिला. सोबत फोटो. कोणाचे तरी भले मोठे वेडर्स घातलेत, कमरेला दोरी बांधलीये. तळहातावर तो, उलटा धरलेला. नांग्या खालून खरंच पांढऱ्या, दुधाच्या सायीसारख्या. किती वेळ बघत बसले. मी असायला हवी होते तिथे. अजूनही तेच वाटतं, काही सुधारणा नाही.

खाली लिहिलंय: इथे आल्या आल्या यांनी आधी गिअरचं विचारलं, वेडर्स वगैरे. माझे घरी ठेवले म्हटलं तर सगळे खूश. मग दुसरा मेसेज: "पण ऑनेस्टली सांग ताई. वेट होते का?"

बाल्कनीत गेले. बुटात पार टोकापर्यंत हात घातला. कोरडे खडखडीत. आज असणारच. त्या दिवशी होते का, ते मी पाहिलं नाही. मुद्दाम नाही पाहिलं.

"हो, ओले होते" एवढं टाइप केलंय. अजून पाठवलं नाही.