भुशाच्या पोरी

कोलॅक,
रविवार, १६ जुलै २०२३

प्रिय मर्ल,

तुझं पत्र गुरुवारी पोचलं. पाकिटावरचं तुझं अक्षर पाहून मला वाटलं, चला, सव्वा वर्षानं का होईना, नणंदबाईंचा राग निवळला. उघडून पाहते तर निवळतोय कुठला, चांगला मुरलाय.

असो. तुझा गुडघा कसा आहे? टास्मानियात यंदा कडाक्याची थंडी आहे असं बातम्यांत सांगत होते. इकडेही काही कमी नाही. तीन आठवडे झाले, ऊन म्हणून दिसलेलं नाही. दंव गोठून लिंबाचं झाड काळं पडलं. ब्रेट उत्तरेतल्या त्याच्या खाणीवरून दर रविवारी फोन करतो, पाच मिनिटं बोलतो, त्यातली तीन तिकडच्या उकाड्याबद्दल. पोरगा गुणी आहे, पण बोलताना बापाचं नाव आलं की त्याला नेमकं कुणीतरी हाक मारतं.

तू लिहिलंयस, ‘तुझ्या घरात एकेचाळीस बाहुल्यांना जागा आहे, माझ्या भावाला नाही. त्याला परक्यांच्यात टाकून तू शेजारी खुर्ची घेऊन बसतेस. तू तिथे बसलेली असेपर्यंत मी त्या दारात पाऊल टाकणार नाही.’ वाचलं. चार-पाचदा वाचलं. आई गेली तेव्हा नेव्ह सहा वर्षांचा आणि तू अकराची, तूच त्याला न्हाऊमाखू घालून मोठा केलास, तेव्हा तुला बोलायचा हक्क आहे. मी नाही म्हणत नाही.

पण घरात आता एकही बाहुली नाही, मर्ल. कपाट रिकामं आहे. हे तुला ठाऊक नसणार, कारण मी कुणालाच सांगितलेलं नाही.

कपाट तुला आठवत असेल. गाईंचा जुना गोठा पाडला तेव्हा त्याच्या लाकडातून नेव्हनंच ते केलं होतं. तुला वाटतं बाहुल्यांचं खूळ माझं एकटीचं. अगं, पहिली बाहुली त्यानंच आणली! एक्क्याऐंशी साली जवळच्या बीक गावात एका शेतावर लिलाव होता. हा दूध काढायच्या यंत्राचे सुटे भाग आणायला गेला, आणि पेटीच्या तळाशी रबरी नळ्यांखाली ही बया निघाली. एक हात नाही, डोक्यावर केस नाहीत, मानेवर मेलबर्नच्या कारखान्याचा छाप. मी म्हटलं, ‘हे काय घेऊन आलास?’ तर म्हणतो, ‘इथलीच आहे गं, आपल्यासारखी. युद्धात बाहेरचा माल यायचा बंद झाला, तेव्हा आपल्या लोकांनी भुसा आणि सरस कालवून केलेली. टाकवेना.’ आठ दिवस खपून त्यानं तिला हात बसवला. बोटं कोरली, पाचच्या पाच.

तेव्हापासून आमचा नियमच झाला, बाहुली घ्यायची ती इथे बनलेलीच. मेलबर्नची, सिडनीची, कुठलीही, पण इथली. आमच्या बाहुल्यांच्या मंडळातल्या ग्लेनिसकडे जर्मन चिनीमातीच्या बाहुल्या आहेत, गोऱ्यापान, नाकं उडवलेल्या. ती मला हिणवायची, ‘काय म्हणतायत तुझ्या भुशाच्या पोरी?’ मी म्हणायची, ‘तुझ्या पोरींसारख्या हातातून पडून फुटत नाहीत, एवढं नक्की.’ फुटत नाहीत हे खरंच आहे. त्यांना भीती एकाच गोष्टीची, पाण्याची. हे मला शिकवलं कोणी? नेव्हनं. घरी पाहुण्यांची पोरं आली की हा आधी त्यांचे हात पुसायचा. ‘पाणी म्हणजे विष हं,’ म्हणायचा. ‘एकदा भिजली की लापशी झाली म्हणून समजा.’

ग्लेनिसचीच आणखी एक गंमत सांगते. गेल्या महिन्यात

मंगळवार, १८ जुलै

रविवारी तिथेच पेन खाली ठेवलं. ग्लेनिसची गंमत वगैरे काही नव्हती. ताकाला जाऊन भांडं लपवत होते झालं.

तुला मी सांगितलं होतं की मी औषधाच्या दुकानात गेले होते, तेवढ्यात नेव्ह न्हाणीघरात घसरून पडला आणि खुबा मोडला. डॉक्टरांना तेच सांगितलं, ब्रेटलाही तेच. आता जे खरं आहे ते लिहिते. एकदम लिहवत नाही म्हणून क्रमानं लिहिते.

मी औषधाच्या दुकानात गेले नव्हते. बॅलरॅटला गेले होते, बाहुल्यांच्या विक्रीला. त्रेचाळीस सालची एक बाहुली येणार असं कळलं होतं, अंगावर मूळचा फ्रॉक, पायात मूळचे बूट. बारा वर्षं मी तिच्या मागावर होते. नेव्हला तेव्हा एकटं सोडण्यासारखं राहिलं नव्हतं, ते मला माहीत होतं. आदल्याच आठवड्यात तो पायजम्यावर रस्त्यापर्यंत गेला होता, विकून वीस वर्षं झालेल्या गाईंना हाका मारत. शेजारणीला बसायला सांगता आलं असतं. पण ती विचारणार, कुठे चाललीस, आणि मला लाज वाटणार. म्हणून त्याला सँडविच करून दिलं, टीव्हीवर फुटबॉल लावला, फाटकाला कुलूप घातलं आणि गेले. कपाटाला मात्र कुलूप घातलं नाही. त्याच्यापासून कसलं कुलूप घालायचं? तो तर राखणदार.

जाऊन-येऊन पाच तास लागले. बाहुली मिळाली. सबंध रस्ताभर मी गात आले, मर्ल.

घरात शिरले तर टीव्ही चालू आणि खुर्ची रिकामी. न्हाणीघरातून पाण्याचा आवाज येत होता. दारात जाऊन पाहते तर हा टबाशेजारी गुडघे टेकून बसलेला, बाह्या वर सारलेल्या, हातात साबण. टबात माझ्या सगळ्या पोरी. फ्रॉक काढून, एकेकीच्या फ्रॉकची नीट घडी घालून स्टुलावर ठेवलेली. पाणी सगळं गुलाबी झालं होतं, त्यांच्या गालांचा नि अंगाचा रंग उतरून. हात निघाले होते, पाय फुगले होते. एकीचं तोंड त्याच्या तळहातावर होतं, आणि तो ते अंगठ्यानं हळूच चोळत होता, आणि नाक कधीच नाहीसं झालं होतं.

मला पाहून त्याचा चेहरा उजळला. म्हणाला, ‘आलीस? शनिवार ना आज, अंघोळीचा. म्हटलं तू येईपर्यंत सगळ्यांच्या अंघोळी उरकतो. रडली नाही गं एकही.’

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. तो म्हणाला, ‘हळू बोल. धाकटीच्या कानात पाणी गेलंय.’

आणि मी त्याला मारलं. थोबाडीत मारली. संसाराच्या त्रेपन्न वर्षांत आम्ही एकमेकांवर हातही उगारला नव्हता. तो उठून उभा राहिला, गोंधळलेला, आणि मी पुन्हा मारलं आणि ढकललं. फरशी ओली होती. तो पडल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो, पण तुला लिहायचं आहे ते हे नाही.

थांबत थांबत गेले तर हे पत्र कधीच पुरं होणार नाही, म्हणून लिहूनच टाकते. तो खाली पडला होता, पाय वाकडा झाला होता, आणि मी आधी बाहुल्या काढल्या. फोन स्वयंपाकघरात होता, दहा पावलांवर. मी फोनकडे गेले नाही. मी टबात हात घातला आणि एकेक बाहुली बाहेर काढून टॉवेलवर मांडत गेले, कोणती वाचतेय का बघत. वीस मिनिटं. वीसच, जास्त नाही, असं मी रोज स्वतःला सांगते. तो खालून म्हणत होता, ‘नोएल, गार वाटतंय.’ मी म्हटलं, ‘गप्प पड.’ मग त्याला काय वाटलं कोण जाणे, मी मदतच करतेय असं वाटलं असेल. म्हणाला, ‘धाकटीला आधी पूस. तिला लगेच सर्दी होते.’

त्यानंतर मी फोन केला.

तू म्हणतेस बाहुल्यांना जागा आहे, माझ्या भावाला नाही. रागाच्या भरात लिहून गेलीस, तुला काय ठाऊक होतं? पण अगदी तसंच झालं बघ. तू वर्मावर नेमकं बोट ठेवलंस आणि म्हणून मला पाच रात्री झोप नाही.

चौतीस बाहुल्या भुशाच्या होत्या, त्या गेल्या. त्यांचा लगदा मी फावड्यानं उचलला. सात प्लास्टिकच्या वाचल्या, त्या ग्लेनिसला देऊन टाकल्या. नवी आणलेली गाडीतच होती, पिशवीत. तिलाही ग्लेनिसच्याच दारात ठेवून आले. ती काय ते समजली असेल, कारण पहिल्यांदाच तिनं टोमणा मारला नाही.

खुबा जोडला, पण तो पुन्हा उभा राहिला नाही. मला त्याला उचलून बसवणं जमेना, म्हणून वृद्धाश्रमात ठेवावं लागलं. तुला सांगितलेल्यातलं एवढंच तेवढं खरं होतं.

आता आजचं सांगते. तो आता कुणालाच ओळखत नाही. ब्रेट आला होता, त्याला ‘काय हो, दूध न्यायला आलात का?’ म्हणाला. स्वतःचं नाव विसरला. चमचा कशाला असतो ते विसरला. मी रोज दोन वाजता जाते. आणि मी दारातून आत आले, मर्ल, की तो दोन्ही हात तोंडासमोर धरतो. असा, कोपरं वर करून. मी खुर्चीत बसेपर्यंत धरून ठेवतो. मग हळूहळू थोडे खाली घेतो. सगळं विसरला, पण एवढं विसरला नाही.

तिथली नर्स, मारिसेल, भली बाई आहे. तिनं मला एकदा बाजूला घेऊन विचारलं, ‘ह्यांना घरी कुणी मारायचं का हो?’ मी म्हटलं, ‘छे! जन्मभर गाईंनी लाथा मारल्यात, त्याचीच सवय आहे.’ ती हसली. मीही हसले. घरी येऊन मी न्हाणीघरात गेले आणि त्या टबाच्या काठावर अंधार पडेपर्यंत बसून राहिले.

आता दोन आठवडे झाले, त्यानं खाणं सोडलंय. मारिसेलच्या हातून चार घास घेतो, कुस्करलेला भोपळा, थोडं दही. मी चमचा पुढे केला की तोंड मिटतो आणि हात वर जातात. मी मात्र हट्टानं जातच राहिले. मला वाटायचं, रोज गेले, हळू बोलले, काही केलं नाही, तर कधीतरी त्याला कळेल. पालथ्या घड्यावर पाणी. परवा डॉक्टर म्हणाले की आता महिना निघाला तरी पुष्कळ. आणि मारिसेल, मान खाली घालून, म्हणाली, ‘तुम्ही गेल्यावर ते जरा बरे खातात.’

तेव्हा तुझी अट मला मान्य आहे. तू लिहिलंस, मी तिथे असेपर्यंत येणार नाहीस. तर मी नसेन. जहाज आता जिलाँगलाच लागतं, तिथून ब्रेटचा मित्र तुला गाडीनं आणेल, त्याच्याशी बोलून ठेवलंय. या घराची किल्ली शेजारणीकडे आहे. तू इथे राहा, मी ग्लेनिसकडे जाते. तू त्याच्याजवळ बस. त्याला हातानं भरव. लहानपणी त्याला काय आवडायचं ते तुलाच ठाऊक. तुला तो ओळखणार नाही, पण तुला पाहून त्याचे हात वर जाणार नाहीत. त्याच्याशी काहीही बोल, फक्त माझं नाव घेऊ नकोस.

शेवट जवळ आला की मला कळवतील. मी जाणार नाही. कुणी विचारलं तर, बायको कुठे आहे, तर खुशाल खरं ते सांग. सगळ्या कोलॅकला सांग. शेवटी त्यानं डोळे उघडले आणि समोर मी दिसले, तर तो हात वर करेल, आणि तसाच जाईल. तसं मला होऊ द्यायचं नाही. मी समोर न जाणं, एवढंच आता त्याला देता येण्यासारखं माझ्याजवळ उरलंय.

माफी मागत नाही. ती देणारा माणूस मला ओळखत नाही, आणि ओळखतो ते फक्त भिण्यापुरतं. तू लवकर निघ. गुडघा दुखत असला तरी निघ.

‘तुझी’ असं लिहायला हात धजत नाही. नुसतीच,

नोएलिन