वाचनकक्षासाठी तीस शांत लॅपटॉप

३ मार्च, सकाळी ९.१०
वाचनकक्षासाठी तीस लॅपटॉप घ्यायचे ठरले. निवड माझी. संचालक म्हणाले, सत्तावीस वर्षं इथली शांतता तुम्ही सांभाळलीत, आवाज न करणारं मशीन तुमच्याशिवाय कोण ओळखणार? खरंच आहे. जूनमध्ये निवृत्ती. कक्ष जसा शांत हाती घेतला, तसाच सोडणार.
संकल्प: घाई करायची नाही.

५ मार्च, दुपारी ३
नमुन्याचे तीन लॅपटॉप आले. बरोबर आमचा तंत्रज्ञ, हातात आवाज मोजायचं मीटर. त्याच्या मते पहिल्याचा फॅन घोंघावतो. दुसऱ्याचा फॅन आहेच, शिवाय आत फिरणारी हार्ड डिस्क, ती करकरते. तिसऱ्यात फिरणारी डिस्क नाही, फॅनही नावापुरता, तोच घ्या.
म्हटलं, बाबा रे, मीटर पिशवीत ठेव. कान लावून तिन्ही ऐकले. तिन्ही शांत. मग ज्यात फाइली साठवायला जागा जास्त तो घ्यावा. दुसरा.
पंधरा मिनिटांत काम संपलं. घाई नव्हे, अनुभव.

६ मार्च
तरी खात्री म्हणून दुसऱ्यावर वीस मिनिटं मोठा व्हिडिओ चालवला. बूड तापलं. आवाज? शून्य. तंत्रज्ञाचे ओठ हलत होते. पन्नाशी उलटली तरी माणूस तोंडातल्या तोंडात बोलतो. तीनदा 'काय?' विचारल्यावर त्याने कागदावर लिहून दिलं: ४८ डेसिबल, फार आहे.
अक्षर मात्र सुरेख आहे.

९ मार्च, रविवार
खालच्या मजल्यावरच्या काकू आमच्या टीव्हीची तक्रार घेऊन आल्या. ह्यांनी चक्क माफी मागितली! बातम्या काय नुसत्या बघायच्या? ह्यांचंही पुटपुटणं वाढलंय. दाराची बेल बिघडलीय. इलेक्ट्रिशियन दोनदा येऊन 'चालू आहे' सांगून गेला. कामचुकार.

१० मार्च
ऑर्डरवर सही केली. तंत्रज्ञाने कपाळाला हात लावला. मीटर हरलं की असं होतं.

२४ मार्च, सकाळी १०
तीसच्या तीस टेबलांवर मांडले, सुरू केले. कक्ष देवघरासारखा शांत. ऊर भरून आला.
वाचक मात्र चुळबुळ करतात. नवी वस्तू, सवय होईल.

२५ मार्च
चार वाचक वह्या घेऊन जिन्यात जाऊन बसले. एकीने कानात कापूस घातलाय. सर्दी असावी.

२६ मार्च
कापूसवाली भेटायला आली. तिची परीक्षा आठवड्यावर. म्हणे, मॅडम, गिरणीत बसल्यासारखं वाटतं, एक ओळ डोक्यात शिरत नाही. पहिल्यांदा कळलं नाही, म्हणून तिने ओरडून सांगितलं. वाचनकक्षात ओरडते! म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं.
तिने अर्ज दिला. खाली एकोणीस सह्या.
संचालकांनी बोलावलं. शुक्रवारी बाराला स्वतः येऊन ऐकणार. तक्रार खरी निघाली तर लॅपटॉप परत, आणि जूनपर्यंत कक्ष दुसऱ्या कुणाकडे.
संकल्प: उद्या दिवसभर कक्षात ठाण मांडायचं. आवाज असेल तर कान पकडून बाहेर काढते.

२७ मार्च
बसले. दहा मिनिटांत उठले. खिडक्या तपासल्या. छताचे पंखे बंद केले. बसले. पुन्हा उठले. एकेका लॅपटॉपला कान लावला. वाचक बघत होते. बघू देत. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक बंद पडलीय. काटे फिरतात, वेळही बरोबर. विचित्र.
हे म्हणाले, एकदा डॉक्टरांकडे जाऊन येऊ. बहुधा तेच म्हणाले. म्हटलं, तुम्हाला काय झालंय?

२८ मार्च, शुक्रवार, सकाळी ११.२०
कक्षात फक्त दारापाशी पेपर वाचणारे आजोबा. बाकी सगळे जिन्यात. संचालक यायला चाळीस मिनिटं. पुरावा तयार ठेवावा म्हणून जमिनीवर टाचणी पाडली.
ऐकू आली नाही.
म्हणजे लॅपटॉपच. तीसच्या तीस बंद केले. पुन्हा पाडली. नाही. जमिनीचा दोष असेल. टेबलावर पाडली. नाही. मग टाचण्यांची डबीच वरून सोडली.
आजोबा दचकले. पेपर खाली घेतला. माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं.